पत्र्याचा जुना रोबो: मोटर घरघरते, पण पाऊल पुढे पडत नाही

सेलवर चालणाऱ्या जपानी पत्र्याच्या रोबोंमधला हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय, की आता रोबो उघडण्याआधी मी नुसता त्याचा आवाज ऐकतो. निम्मं निदान तिथेच होतं. होरिकावा, योनेझावा, नोमुरा, मासुदाया अशा कंपन्यांनी साधारण १९५० ते १९७० च्या दशकांत बनवलेले हे रोबो. पुण्यात ते बहुतेक दोन वाटांनी हाती येतात. कुणाच्या तरी काकांनी परदेशातून आणलेला आणि नंतर माळ्यावर गेलेला, नाहीतर जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी पथारीवर सापडलेला. दोन्ही ठिकाणी बिघाड जवळपास सारखेच असतात, कारण त्यांना बिघडवणाऱ्या गोष्टी सारख्याच: गळलेले सेल, वाळलेलं ग्रीस आणि मधल्या काळात कुणीतरी सोडलेलं तेल.

लक्षणं

"बंद आहे" एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय होतंय ते बघा.

काहीच आवाज नाही आणि दिवाही लागत नाही. दिवा लागतो, पण मोटर गप्प. मोटर फिरते, पाय मागेपुढे होतात, पण रोबो जागच्या जागी कदमताल करतो. चालतो, पण एकाच बाजूला वळत गोल फिरतो. हातात उचलला की पाय व्यवस्थित चालतात, जमिनीवर ठेवला की दम सोडतो. मोटर नेहमीपेक्षा जोरात आणि बारीक आवाजात फिरते, पाय मात्र अजिबात हलत नाहीत. किंवा चालता चालता थांबतो, छातीची दारं उघडी राहतात आणि आतून नुसती घरघर येत राहते.

ही लक्षणं वेगवेगळ्या जागांकडे बोट दाखवतात. त्यातल्या बऱ्याच जागा तपासायला रोबो उघडावा लागत नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. या रोबोंचं शरीर स्क्रूने जोडलेलं नसतं. एका पत्र्याच्या कडेला निघालेली छोटी टॅब दुसऱ्या पत्र्याच्या फटीतून काढून दुमडलेली असते. मोटर बदलता येते, सेलची पट्टी नवी करता येते, गिअरसुद्धा कुठून तरी मिळतो. टॅब मात्र दर वेळी सरळ करताना आणि दुमडताना थोडी थोडी थकते आणि एक दिवस मुळापासून तुटते. तुटलेल्या टॅबला डाग द्यायला गेलात तर सोल्डरिंगच्या उष्णतेने शेजारचं छापील रंगकाम जळतं, आणि ते परत आणता येत नाही. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच हिशोबाने लावलाय: उघडण्याची वेळ जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलायची.

सेल, आणि सेलखालची पट्टी

बहुतेक रोबोंना दोन मोठे सेल लागतात, टॉर्चचे, डी साइजचे. दोन मिळून ३ व्होल्ट. नवे सेल घाला. घरातल्या दुसऱ्या खेळण्यातून काढलेले नकोत. चार्जिंगचे सेल घालत असाल तर लक्षात ठेवा, त्यांचा प्रत्येकी व्होल्टेज १.२ असतो, म्हणजे दोघांचे मिळून २.४ व्होल्ट. जड रोबो तेवढ्यावर मंद चालतो आणि आपण उगाच गिअरवर संशय घेतो.

मल्टिमीटर असेल तर सेल बाहेर काढून मोजू नका. जागेवर बसवून, खटका चालू करून मोजा. संपत आलेला सेल बाहेर १.४ व्होल्ट दाखवतो आणि मोटरचा भार आला की खाली बसतो. चालू अवस्थेत दोन साध्या (चार्जिंगच्या नव्हे) सेलचे मिळून २.५ व्होल्टच्या खाली जात असतील तर पुढच्या तपासण्यांचा काही उपयोग नाही, आधी सेल बदला.

सेल ठीक असून दिवा लागत नसेल, किंवा मंद लागत असेल, तर सेलघरातल्या पत्र्याच्या पट्ट्या बघा. हे सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण आहे. पट्टीवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसते. पूड नसली तरी चमक गेलेला करडा थर असतो, आणि वीज अडवायला तो पुरेसा असतो. साधं खोडरबर घ्या आणि पट्टी चमकेपर्यंत घासा. पॉलिशपेपर शेवटचा उपाय म्हणून ठेवा, कारण पट्टीवरचा कथिलाचा पातळ मुलामा त्याने जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

पूड जास्त असेल तर सेल कोणता होता यावर इलाज ठरतो. अल्कलाइन सेल गळला असेल तर ती घाण अल्कधर्मी असते, तिला इअरबडवर लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा एखादा थेंब चालतो. जुना साधा कार्बन-झिंक सेल गळला असेल तर ती आम्लधर्मी असते, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावतात. ओळखता येत नसेल तर दोन्ही नको. टूथपिकने कोरडी पूड खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बास. काहीही लावलं तरी नंतर ओलसर इअरबडने पुसून पूर्ण कोरडं करा. लिंबू पत्र्यावर तसंच राहिलं तर सेलपेक्षा जास्त नुकसान करतं. पूड झटकताना रोबो उलटा धरा, म्हणजे ती आत पडणार नाही, आणि काम झालं की हात धुवा.

ज्यांच्या पायांत सेल बसतात, त्या रोबोंमध्ये आणखी एक जागा असते. पायांतून वर जाणारी वायर प्रत्येक पावलाबरोबर वाकते. आतली तार तुटते, बाहेरचं आवरण अखंड दिसतं. पाय हळूच मागेपुढे करत खटका चालू ठेवा. एखाद्या जागी दिवा लुकलुकला तर तार तिथेच तुटली आहे.

खटक्याला फार वेळ देऊ नका. वीसेक वेळा मागेपुढे सरकवा, आतला थर घासला जाऊन तो बहुधा आपोआप सुधारतो. खटके साफ करायचा स्प्रे थेट मारू नका. छापील रंगावर आणि प्लास्टिकच्या काचेवर त्याचे डाग पडतात.

दिवा हा फुकटचा मीटर

छातीत किंवा डोक्यात दिवा असलेल्या रोबोत दिवा आणि मोटर एकाच सेलवर समांतर जोडलेले असतात. हे कळलं की बरंच काही कळतं. दिवा लख्ख आणि मोटर गप्प: वीज पोचतेय, पण मोटरमधून जात नाही, म्हणजे ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज देणाऱ्या पट्ट्या) किंवा तिथली वायर. खटका चालू करताच दिवा एकदम मंदावतो आणि मोटर नुसती गुणगुणते: मोटर अडकली आहे आणि सगळी वीज ओढून घेतेय. अशा वेळी लगेच बंद करा. अडकलेली मोटर मिनिटभरात तापते, आणि तिच्या तारेवरचं वॉर्निश जळलं की साधा बिघाड महागडा होतो.

पायाखालची चाकं

कदमतालाची आणि गोल फिरण्याची तक्रार इथेच सुटते. या भागाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण याचं तत्त्व माहीत नसल्याने लोक थेट मोटरपर्यंत पोचतात.

हे रोबो माणसासारखं पाऊल उचलत नाहीत. मोटरचा वेग गिअरने कमी केलेला असतो, आणि शेवटच्या गिअरच्या दोन बाजूंना एकमेकांच्या विरुद्ध बसवलेल्या पिना दोन्ही पायांना आळीपाळीने मागेपुढे ढकलतात. तेवढ्याने रोबो पुढे गेला नसता, जागीच डुलला असता. पुढे नेण्याचं काम तळव्यातली छोटी चाकं करतात. त्यांच्या दांड्याला दातेरी चकती असते आणि तिच्यावर एक पातळ खिटी टेकलेली असते. त्यामुळे चाक फक्त पुढच्या दिशेने फिरतं. पाय मागे ढकलला जातो तेव्हा चाक अडतं, जमीन पकडतं, आणि शरीर पुढे सरकतं. त्याच वेळी दुसरा पाय सैल चाकावरून पुढे घसरतो.

आता तपासणी. रोबो बंद ठेवून एक पाय टेबलावर टेकवा आणि हलकेच पुढे ढकला. चाक फिरलं पाहिजे. मागे ओढा. चाक अडलं पाहिजे. मग दुसरा पाय.

दोन्ही चाकं दोन्ही दिशांना फिरत असतील तर खिट्या चिकटून बसल्या आहेत, आणि तुमचा रोबो कदमताल करणार. एकच खिटी चिकटली असेल तर रोबो त्याच बाजूला वळत राहतो: डावी निकामी झाली तर ढकलणारा फक्त उजवा पाय उरतो आणि रोबो डावीकडे वळतो. चाक पुढेही फिरत नसेल तर दांड्याला केस, गालिच्याचा दोरा, नाहीतर कापसाचा धागा गुंडाळलेला असतो. चिमटा आणि बारीक कात्रीने तो सोडवा. एवढ्यावर चालू झालेले रोबो मी कितीतरी पाहिलेत.

चिकटलेल्या खिटीला तेल लावू नका. इअरबडचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दातेरी चकतीवर फिरवा, चाक हाताने पुढे फिरवत राहा. मधूनच टिक-टिक ऐकू यायला लागलं की खिटी सुटली. ही टिक-टिक निरोगी आहे. तेलाने खिटी आज सुटेल, पण त्यावर धूळ बसून ती पुन्हा चिकटेल.

आणखी एक गोष्ट, जिच्यात दोष रोबोचा नसतोच. आजच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर ही चाकं घसरतात, विशेषतः रबर वाळून कडक झालं असेल तर. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीवर तोच रोबो ठणठणीत चालतो. चाचणी नेहमी जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवूडवर करा.

आवाज ऐका

चाकं ठीक, वीज ठीक, तरीही पाय हलत नाहीत. आता रोबो कानाजवळ धरा.

बारीक, उंच आणि एकसारखा आवाज म्हणजे मोटर मोकळी फिरतेय, तिची ताकद गिअरपर्यंत पोचत नाही. मोटरच्या दांड्यावर बसवलेला छोटा गिअर, म्हणजे पिनियन, प्लास्टिकचा असेल तर तो वर्षानुवर्षं ताणाखाली राहून उभा तडकतो. मग दांडा आत फिरतो आणि पिनियन जागेवर राहतो. किंवा तडकेच्या जागी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला तो समोरच्या गिअरवरून उडी मारतो, त्याची भराभर टकटक येते. टकटक सावकाश, पावलागणिक एकदा येत असेल तर पिनियन चांगला आहे आणि पुढच्या मोठ्या गिअरचा दाता गेलाय.

उचलल्यावर चालणारा आणि ठेवल्यावर थांबणारा रोबो बहुतेक वेळा ग्रीसचा रोगी असतो. कारखान्यात लावलेलं ग्रीस इतक्या वर्षांत चिक्कीच्या पाकासारखं पिवळं आणि टणक झालेलं असतं. मोटर ते कसंबसं फिरवते, पण शरीराचं वजन आलं की हरते.

आपल्याकडे याला एक स्थानिक जोड आहे. पुष्कळ घरांत कुणीतरी खेळण्याच्या फटीतून खोबरेल तेल सोडलेलं असतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान त्याच्या बरंच खाली जातं. मे महिन्यात चालणारा रोबो थंडीत बंद पडतो, उन्हात ठेवला की पुन्हा चालतो, अशी तक्रार आली की मी आधी तेलाबद्दल विचारतो. असा रोबो रोज उन्हात ठेवून चालवणं हा उपाय नाही, उन्हाने रंग उडतो. आतलं साफ करावं लागेल.

छातीची दारं उघडणाऱ्या, बंदुकांचा आवाज करणाऱ्या, कमरेवर गोल फिरणाऱ्या रोबोंचं निदान करताना आधी पूर्ण एक आवर्तन होऊ द्या. एकच मोटर एका कॅममधून, म्हणजे फिरताना एकेक भाग ढकलणाऱ्या चकतीतून, आधी पायांना, मग दारांना, मग धडाला ताकद देते, त्यामुळे मधे पाय थांबणं हा बिघाड नाही. दारं उघडी राहून तो खरंच अडकला असेल तर ती बोटांनी बंद करू नका. ती आतल्या लिव्हरवर टांगलेली असतात आणि लिव्हर वाकतो. दाराची बिजागरी बाहेरून बघा. पडल्यामुळे पत्रा चेपून दार चौकटीला घासत असेल तर ते डोळ्यांना दिसतं.

आता उघडायचं असेल तर

आधी सगळ्या टॅब भिंगातून बघा. ओरखडे असतील तर हा रोबो पूर्वी उघडलाय, म्हणजे टॅबचं आयुष्य कमी उरलंय. एखादी मुळाशी तडकलेली दिसली तर इथेच थांबा. हात बसण्यासाठी चीनमध्ये बनणाऱ्या नव्या पत्र्याच्या नकला चांगल्या, त्यांचीही बांधणी टॅबचीच असते.

नोज प्लायरच्या जबड्यांना टेप गुंडाळा. टॅब फटीतून जेमतेम निघेल इतकीच सरळ करा, अगदी काटकोनात उभी करण्याची गरज नाही. शक्य असेल तेव्हा एकाच बाजूच्या टॅब उघडा आणि दुसरी बाजू तशीच राहू द्या. प्रत्येक पायरीला फोटो काढा, विशेषतः स्प्रिंगची टोकं कुठे अडकवली आहेत त्यांचे.

धातूच्या गिअरवरचं ग्रीस टूथपिकने खरवडा आणि उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. पेट्रोल वापरू नका, त्याने पारदर्शक प्लास्टिक पांढरं पडतं किंवा तडकतं. छापील पत्र्यावर अल्कोहोलही पडू देऊ नका. दांडे जिथे पत्र्यातून जातात तिथे सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. धातूच्या गिअरला पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात, प्लास्टिकच्या गिअरला सिलिकॉन ग्रीस.

मोटरच्या कम्युटेटरला, म्हणजे दांड्यावरच्या ज्या तुकड्यांना ब्रश टेकतात त्यांना, तेलाचा स्पर्शही नको. तेल आणि ब्रशची पूड मिळून काळा लगदा होतो, तो कम्युटेटरच्या तीन तुकड्यांमधल्या फटी भरून टाकतो आणि वीज आतल्या आत फिरते. असा लगदा दिसला तर टूथपिकने फटी मोकळ्या करा आणि अल्कोहोलने पुसा. ब्रशच्या पातळ पट्ट्या कम्युटेटरला हलक्या टेकलेल्या हव्यात. जास्त दाबल्या तर त्या झिजतात, सैल असतील तर ठिणग्या उडतात.

मोटर बोटाने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल तर तिन्ही तुकड्यांच्या जोड्या मल्टिमीटरवर मोजा. तीन ध्रुवांची मोटर अशासाठीच असते की ती कुठल्याही स्थितीतून स्वतः सुरू व्हावी. तिन्ही रीडिंग जवळपास सारखी हवीत. एक वेगळं आलं तर एका गुंडाळीची तार तुटली आहे. ती कम्युटेटरच्या कानाशी सुटलेली दिसत असेल तर बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने जोडता येते. आत तुटली असेल तर नाही.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, मात्र उगाच बाहेर ओढू नका. जुन्या मोटरचे लोहचुंबक आर्मेचर काढून ठेवलं की कमजोर पडू शकतात, आणि मग मोटर पहिल्यासारखी ताकद देत नाही.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत ३ व्होल्टची १३० साइजची छोटी मोटर सहज मिळते आणि मोह होतो. ती अनेकदा मूळ मोटरपेक्षा जास्त वेगाने फिरते आणि जागेवर तशीच बसत नाही. खेळण्यासाठी चालेल. बसवण्यासाठी मूळ पत्रा कापू नका, आणि काढलेली मोटर नाव लिहून डबीत ठेवा.

इथे थांबा

चावीच्या रोबोची मुख्य स्प्रिंग तिच्या डब्यातून काढू नका. ताणलेली पोलादी पट्टी सुटली तर बोट कापते, डोळाही जाऊ शकतो. हे काम भिंतीवरची जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

आर्मेचरची तार आत तुटली असेल तर थांबा. पंखे आणि मिक्सरचं वाइंडिंग करणारे इतकी बारीक मोटर सहसा घेत नाहीत. घेतील का ते आधी विचारा, सोडून येऊ नका. सेलघराचा पत्रा गंजून आरपार गेला असेल, धूर सोडणाऱ्या रोबोची तापणारी तार तुटली असेल, किंवा गिअर नवीन कापून घ्यावा लागणार असेल, तरीही थांबा. मासुदायाच्या सुमारे १५ इंची मोठ्या रोबोंपैकी एखादा हाती आला असेल तर सेलच्या पट्ट्या पुसण्यापलीकडे काहीच करू नका. तो संग्राहकाला दाखवून, त्याच्या ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्या. आणि कुठल्याही रोबोला मोबाइलचा चार्जर जोडू नका, ५ व्होल्टवर ३ व्होल्टची मोटर आणि दिवा दोन्ही जातात.

कारागिराकडे देताना तीन गोष्टी स्पष्ट बोला: रंगाला हात लावायचा नाही, पॉलिश करायचं नाही, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. तुम्ही काढलेले फोटो त्याला दाखवा आणि आतापर्यंत काय काय तपासलंय ते कागदावर लिहून द्या, म्हणजे तो त्याच टॅब पुन्हा उघडून बघणार नाही. लहान मुलं घरात असतील तर दुरुस्त झालेला रोबोही त्यांच्या तोंडाशी जाऊ देऊ नका, त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. महिन्यातून एकदा दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्यावर चालवा, आणि चालवून झालं की सेल बाहेर काढा.